काठोकाठ भरलेलं रीळ

मोटरकाकांना अर्धवट भरलेली कुठलीही वस्तू बघवत नसे. पाण्याची बादली असो, बाहेरगावी जायची बॅग असो, ती वरपर्यंत भरलीच पाहिजे. बॅगेचं कुलूप लावायला काकूंना बॅगेवर बसावं लागे, आणि एवढा आटापिटा करून नेलेले निम्मे कपडे घडी न मोडता परत येत. चहाचं तर विचारूच नका. कपात चहा बोटभर जरी खाली दिसला तरी ते काळजीच्या सुरात विचारायचे, "दूध संपलं का गं?" मग काकू आणखी ओतायच्या.

ही खोड त्यांना धंद्यातून लागलेली. चाळीस वर्षं ते जळलेल्या मोटरी भरून देत होते. पंप असो, पंखा असो, पिठाची गिरणी असो, मोटर जळली की आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून टाकायची आणि लोखंडाच्या खाचांमध्ये नवी तार मोजून वेढे घालत बसवायची, हे त्यांचं काम. खाच जितकी गच्च भरेल तितकं काम चांगलं. जागा राहिली तर आत तार थरथरते, तारेवर तार घासते आणि मोटर पुन्हा जळून दारात येते. तेव्हा रिकामी जागा म्हणजे मोटरकाकांच्या लेखी निव्वळ आळशीपणा. त्यांनी भरलेल्या मोटरीत सुई घालून दाखवा, अशी पैज आसपासचे दुकानदार नवख्या गिऱ्हाइकाशी लावत आणि दरवेळी जिंकत.

घराच्या पुढच्या लांबट खोलीत त्यांचं दुकान होतं. खिडकीपाशी हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, त्यावर वेढे मोजणारा काटा, भिंतीला तारेची बंडलं, आणि सगळ्यावर वॉर्निशचा वास. मधल्या दाराच्या पलीकडे काकूंचं शिलाई मशीन. काकू अर्ध्या गल्लीचे कपडे शिवायच्या. या दोन मशीनांमध्ये बत्तीस वर्षांपासून एक तह होता: त्याने तिच्या मशीनला हात लावायचा नाही आणि तिने त्याच्या वाइंडिंगात नाक खुपसायचं नाही. तहाच्या आधी काय घडलं होतं ते मोटरकाका सोयीस्कर विसरले होते. काकू नव्हत्या विसरल्या, पण शब्द म्हणजे शब्द, म्हणून गप्प होत्या.

हे काम मोटरकाका शिकले थोरल्या भावाकडून. दादा त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठा, हाताला जादू म्हणावी असा माणूस. साठीला आला आणि त्याचे हात कापायला लागले. त्याने कुणाला सांगितलं नाही. वर्षभर तसाच भरत राहिला, आणि वर्षभर मोटरी जळून परत येत राहिल्या. गिऱ्हाइकं भली होती, तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त दादा समोरून येताना दिसला की लोक रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. ते मोटरकाकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. दादा जाऊन आठ वर्षं झाली, तरी तो पलीकडचा फुटपाथ आठवला की त्यांचं हातातलं काम थांबायचं. आपल्यामुळे कुणाला रस्ता ओलांडायची वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आता ते एकसष्टचे होते.

अशात कप्तानने त्यांना मासे धरायला नेलं. कप्तान म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. उभ्या जन्मात जहाजावर पाय ठेवलेला नाही, पस्तीस वर्षं एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली. पण प्रत्येक मजला असा काही पुकारायचे की लोकांना किनारा आल्यासारखं वाटायचं, म्हणून कप्तान. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी बंदराच्या जुन्या धक्क्यावर गळ टाकून उभे राहत. "अरे मोटर, किती दिवस त्या वॉर्निशच्या वासात बसणार?" असं म्हणून त्यांनी एक दिवस शेजाऱ्याला ओढून नेलं.

मोटरकाकांनी रॉड घेतला, रीळ घेतलं, आणि तंगूस, म्हणजे गळाला लागतो तो नायलॉनचा पारदर्शक दोरा, घेतला. दुकानदार म्हणाला, मी भरून देतो रिळावर. मोटरकाका नुसते हसले. चाळीस वर्षं तार भरणाऱ्या माणसाला हा दोरा भरून देणार. त्यांनी घरी येऊन रीळ स्वतःच्या मशीनवर चढवलं आणि तंगूस असा भरला की एक वेढा दुसऱ्यावर चढला नाही, आणि शेवटचा वेढा रिळाच्या ओठाशी बरोबर येऊन थांबला. धक्क्यावर ते रीळ हातोहात फिरलं. "भरावं तर असं," सगळे म्हणाले. मोटरकाकांना मूठभर मांस चढलं.

मग त्यांनी पहिला गळ टाकला आणि पहिला गुंता झाला.

दोऱ्याच्या टोकाला बांधलेलं शिसं पाण्याकडे निघायचं, पण तंगूस एकेक वेढ्याने सुटायच्या ऐवजी दहा-बारा वेढे एकदम घरंगळून बाहेर पडायचे. रॉडच्या पहिल्याच कडीत त्यांचा गोळा अडकायचा आणि शिसं गपकन पायाशी पडायचं. त्या धक्क्यावर गुंत्याचा एक कडक नियम होता. कात्री काढायची नाही. फार पूर्वी कापून फेकलेल्या तंगुसात एका बगळ्याचे पाय अडकले होते, तेव्हापासून ज्याचा गुंता त्याने शेवटच्या बाकावर बसून हाताने सोडवायचा, असं ठरलं होतं. त्या बाकाला सगळे गुंत्याचा बाक म्हणत. तीन महिन्यांत मोटरकाका त्या बाकावर इतके बसले की कप्तान म्हणाले, आता तिथे पत्र्याची पाटी लावून टाकू, तुझं दुकान इथेच.

शिकवण्यात कप्तानने काही कसर ठेवली नाही. गळ टाकून झाला की रिळावरची तारेची कमान हँडल फिरवून पाडायची नाही, हाताने पाडायची. मग हँडल फिरवायच्या आधी ढिला राहिलेला तंगूस दोन बोटांत धरून ताणून घ्यायचा, नाहीतर तो ढिलाच गुंडाळला जातो आणि पुढच्या वेळी तिथेच घात करतो. मोठा मासा दोरा ओढून नेत असताना हँडल फिरवत बसायचं नाही, त्याने पीळ पडतो. पीळ पडलाच तर गळ आणि शिसं सोडून नुसता तंगूस वाहत्या पाण्यात लांबवर सोडून द्यायचा, पीळ आपोआप उलगडतो. मोटरकाकांनी हे सगळं शाळेतल्या पोराच्या शिस्तीने केलं. गुंता व्हायचा तो झालाच.

"मनगट," कप्तान शेवटी म्हणायचे. "सगळा खेळ मनगटाचा आहे. अकरा वर्षांत माझा एक गुंता दाखव."

दाखवण्यासारखा नव्हता. मनगट हा शब्द मात्र मोटरकाकांच्या डोक्यात जाऊन बसला. घरी येऊन चहा घ्यायला कप उचलला की बशीत चहा सांडायचा. आधी त्यांनी लक्ष दिलं नव्हतं, आता रोज लक्ष जायला लागलं. धक्क्यावर गुंता, घरी बशीत चहा. दादाचंही असंच सुरू झालं असेल. दोन आणि दोन चार करायला मोटरकाकांना वेळ लागला नाही. हात गेले.

त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. फक्त पुतण्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, फोन केला. त्याचं दुसऱ्या शहरात असंच छोटं वर्कशॉप होतं. "रविवारी टेम्पो घेऊन ये आणि मशीन घेऊन जा. तुला उपयोगी पडेल." पुतण्याने कारण विचारलं नाही. "येतो, काका," एवढंच म्हणाला.

काकूंना त्यांनी सांगितलं, "तेवढीच जागा मोकळी होईल."

काकूंनी शिवता शिवता मान वर केली. "मोकळी जागा तुम्हाला कधीपासून आवडायला लागली?"

त्यावर मोटरकाकांनी वर्तमानपत्र उघडलं आणि ते उलटं धरलंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी त्यांना वाटलं, मशीन जायच्या आधी एक शेवटचं काम करावं, तेही आपल्या माणसाचं. कप्तानचं रीळ बघून त्यांना तीन महिने कसंतरी होत होतं. अकरा वर्षांपूर्वी भरलेला तंगूस, मधेमधे तुटत, झिजत इतका कमी झालेला की रिळाचा ओठ चांगला वर दिसायचा. अगदीच गरिबी. त्यांनी ते रीळ मागून आणलं, जुना तंगूस काढून टाकला, नवा आणला, आणि मशीनवर बसून असा भरला की तोड नाही. काम करताना हात जरासुद्धा हलला नाही. पण शेवटचं काम म्हणून डोळे भरून आले होते, त्यामुळे ते त्यांना दिसलंच नाही.

शनिवारी सकाळी कप्तानने ते रीळ चढवलं, सगळ्यांना दाखवलं, आणि मनगटाच्या एका झटक्यात गळ टाकला. शिसं पायाशी पडलं. कडीत कबुतराच्या घरट्याएवढा गोळा झाला होता.

धक्क्यावरचे सगळे वळून बघायला लागले. कप्तान आपल्या मनगटाकडे बघत राहिले. "वारा आहे," ते म्हणाले. वारा नव्हता. अकरा वर्षांत त्या माणसाने गुंत्याच्या बाकाला बूड टेकवलं नव्हतं, त्यामुळे गुंता सोडवायचा कसा हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दोन ठिकाणी ओढून त्यांनी होता त्याहून वाईट करून ठेवला. शेवटी मोटरकाका शेजारी बसले, गोळा मांडीवर घेतला, ओढाताण न करता सगळीकडून थोडा थोडा सैल करत गेले, आणि वीस मिनिटांत तंगूस सरळ करून दिला. कप्तानने पुन्हा गळ टाकला. पुन्हा गोळा.

मोटरकाका घरी आले तेच मुळी विचारात. कप्तानचं रीळ त्यांनी हातात धरून आणलं होतं. चहा समोर आला, त्यांनी कप उचलला, चहा बशीत सांडला, आणि त्यांच्या तोंडून नको ते निघून गेलं. "दादासारखं होतंय गं मला."

काकूंच्या मशीनचा आवाज थांबला. त्या उठून दुकानात आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. मग मोटरकाकांनी सगळं सांगितलं: गुंते, बशी, फुटपाथ, टेम्पो.  काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मनातून त्या घाबरल्या होत्या, आणि तीन महिने हा माणूस एकटा हे घेऊन फिरला याचा त्यांना रागही आला होता.

"कप्तानचा गुंता कुणी सोडवला?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"किती वेळ लागला?"

"वीसेक मिनिटं."

"दोरा केवढा जाड असतो हो तो?"

"केसाएवढा म्हण."

"केसाएवढ्या दोऱ्याचा गुंता वीस मिनिटांत सोडवता आणि हात गेले म्हणता." काकूंनी त्यांचा उजवा हात धरून दिव्याखाली ओढला. "करा असा. बघू कापतोय का."

हात कापत नव्हता. मोटरकाका त्याच्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसे बघत राहिले. "मग चहा का सांडतो?"

"कारण तुम्ही तो काठापर्यंत मागता. तो कप मी ओट्यावरून इथवर आणते ना, रोज माझा जीव मुठीत असतो." काकू बोलायला लागल्या की मग थांबत नसत. "आणि ही तुमची रीळ भरायची पद्धत. तीन महिने बघतेय मी. तह आहे म्हणून मूग गिळून बसले होते. आज मोडते तह."

त्या आत गेल्या आणि शिलाई मशीनची एक बॉबिन घेऊन आल्या. धागा तिच्या कडेच्या जरा खालीच थांबलेला होता. त्यांनी ती रिळाशेजारी ठेवली. "आठवतंय? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी माहेरी गेले होते, आणि तुम्ही मला मदत म्हणून माझ्या सगळ्या बॉबिन भरून ठेवल्या होत्या. बारा बॉबिन, सगळ्या काठोकाठ. आल्यावर मशीन सुरू केलं आणि धाग्याचा जो काही राडा झाला, दोन दिवस मी रडत होते. हातात शाळेचे चाळीस गणवेश होते."

मोटरकाकांना आठवलं. कान तापले. "बॉबिनची गोष्ट वेगळी आहे," ते सवयीने म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"वेगळी कशी? तुमच्या मोटरीत तार एकदा बसली की बसली, ती कुठे जात नाही. माझा धागा बाहेर पडायला भरलेला असतो. तुमचा हा दोराही तसाच. बाहेर पडायचंय त्याला, आणि तुम्ही तो ओठावर आणून ठेवलाय. एक निघाला की दहा घसरणारच."

मोटरकाकांनी बॉबिन उचलून रिळाशी धरून बघितली. चाळीस वर्षांच्या कामात त्यांनी भरलेली एकही तार पुन्हा बाहेर पडली नव्हती. पडलीच तर ती जळून. भरायचं ते पुन्हा सुटण्यासाठी, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती, कारण तेही काठोकाठ भरलेलं होतं. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांना रडू आलं. काकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. बघते काय ते."

रविवारी सकाळी काकू पहिल्यांदा धक्क्यावर आल्या. आदल्या संध्याकाळी मोटरकाकांनी दोन्ही रिळांवरून इतका तंगूस काढला होता की त्यांच्या जिवाला लागलं होतं. एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी जागा ओठाखाली सोडायची, असं काकूंनी ठरवून दिलं होतं आणि नाणी लावून तपासलंही होतं. मोटरकाकांनी मनाशी हिशेब मांडला: दहा वेळा गळ टाकायचा, दहाही वेळा सरळ गेला तर मशीन राहील. एक जरी गुंता झाला तर टेम्पो.

पहिला गेला. तंगूस रिळावरून सुळकन सुटला आणि शिसं इतकं लांब पडलं की मोटरकाका शोधतच राहिले. दुसरा गेला. तिसऱ्याला शेजारचे दोघं आपलं सोडून बघायला आले. सातव्याला कमान हाताने पाडताना त्यांची बोटं जराशी थांबली, तर काकू मागून म्हणाल्या, "घाई नाही." नववा गेला. दहाव्याच्या आधी त्यांनी हात पँटला पुसले आणि डोळे मिटून गळ टाकला.

"गेला रे," कप्तान म्हणाले, अगदी वरच्या मजल्याची घोषणा करावी तसे. मग त्यांनी आपल्या मनगटाकडे खट्टू होऊन बघितलं. अकरा वर्षं ज्याचा तोरा मिरवला त्या मनगटाची ती करामत नव्हतीच, रिळावर दोरा कमी होता म्हणून सगळं ठीक चाललं होतं. काकूंना त्यांची दया आली. त्या म्हणाल्या, "मनगटही चांगलंच आहे हो तुमचं," आणि कप्तान लगेच सावरले.

दहा वाजता दारात टेम्पो उभा राहिला. चाळिशीचा पुतण्या खांद्यावर दोर टाकून आत आला. "काका, आवरलंय ना? मशीन खिडकीजवळचंच ना?"

 मोटरकाकांनी दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरून, तळवे खाली.

पुतण्या त्या हातांकडे बघत उभा राहिला. कसं बघायचं हे त्याला माहीत होतं. वर्षभर त्याने आपल्या वडिलांचे हात जेवताना, सही करताना, दाराची कडी लावताना चोरून बघितले होते. मिनिटभर बघून त्याने खांद्यावरचा दोर काढला आणि नीट गुंडाळून खाली ठेवला.

"तुमचा फोन आला तेव्हाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "रस्ताभर मनात तेच. तुमच्या हातांकडे बघावं लागू नये असं वाटत होतं."

"बघ की मग," मोटरकाका म्हणाले.

पुतण्या बाहेर गेला आणि टेम्पोतून पोत्यात गुंडाळलेली एक मोटर घेऊन आला. जुनी, जड, गिरणीची. "मशीन न्यायच्या आधी, जमत असेल तर, ही तुमच्याकडून भरून घ्यायची असं ठरवलं होतं. बाबांनी भरलेली आहे. वीस वर्षं चालली, आता जळली. मला ती खोलवेना."

मोटरकाकांनी ती खिडकीशी घेतली. आतल्या खाचा काळ्या पडल्या होत्या, पण तार तशीच गच्च होती, सुईलाही जागा नाही. "दादाचा हात," ते म्हणाले, आणि खाचांवरून बोट फिरवलं.

काकू चहा घेऊन आल्या. कप बोटभर कमी भरलेला होता. मोटरकाकांनी कपात बघितलं, काकूंकडे बघितलं, दुधाविषयी काही विचारलं नाही आणि चहा पिऊन टाकला. बशी कोरडी राहिली. मग ते मशीनसमोर बसले, दादाने घातलेली पहिली कॉइल कापून बाहेर काढली आणि तिचे वेढे मोजायला सुरुवात केली.